आमच्या धक्क्याला बोट लागते, म्हणजे लागत नाही

व्हेर्नाक,
द्राक्षतोडणी उरकल्यानंतरचा रविवार

तीर्थरूप सोलांजताई,

तुझ्या दोन्ही गालांना धाकट्या भावाचे मुके आणि भावोजींना लवून नमस्कार. तुझा खोकला हटला का? भावोजींच्या मधमाश्या यंदा तरी पेटीत टिकल्या, की मागच्यासारख्या पाद्रीबाबांच्या बागेत राहायला गेल्या? इकडे मी ठणठणीत आहे. जेवतो, झोपतो (म्हणजे आडवा होतो), द्राक्षं तोडून झाली, रसाला पिंपात उकळ्या फुटतायत. पण बूड म्हणून एका जागी टेकत नाही. हे पत्र लिहायला घेतल्यापासून मी तळघरात जाऊन आलो, फाटकापर्यंत जाऊन आलो आणि एकदा माळ्यावर चढून पुन्हा उतरलो. माळ्यावर माझं काय काम होतं, ते वर गेल्यावरही आठवलं नाही. याला कारण ती बोट. दुसरं काही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तर बोटीचं असं झालं. तू हे गाव सोडलंस तेव्हाचं गाव आता डोळ्यांपुढे आणू नकोस. बेकरी बंद पडली. शाळा शेजारच्या गावात गेली. पोस्ट कधी उघडतं ते पोस्टालाच ठाऊक. वाईन तर कोणी पीतच नाही. जे पितात ते डॉक्टरांना चोरून, आणि चोरून पिणारा माणूस थोडीच पितो. (तुला कळवलं नव्हतं, पण बाबांनी खाडीकडच्या उतारावर लावलेल्या वेली मी गेल्या हिवाळ्यात उपटल्या. उपटायचं यंत्र आलं तेव्हा मी घरात बसून रेडिओ मोठ्याने लावला होता. असो.) अशा वेळी एका नदीसहलीच्या कंपनीकडून देल्मास नावाची चुणचुणीत मुलगी गावात आली, मुख्य रस्त्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, तिला एक मांजर सोडून कोणी भेटलं नाही, आणि ती एकदम खूश झाली. म्हणाली, आमच्या प्रवाशांना हेच हवंय. शांत, वाईनचं, फ्रान्सच्या कोपऱ्यातलं गाव. बोर्दोहून निघालेली बोट दुपारची इथे थांबेल, माणसं उतरतील, एका तळघरात वाईन चाखतील, चार बाटल्या घेतील आणि जातील.

आता शांत असण्याची तयारी कशी करायची, यावर सरपंचबाईंनी सभा बोलावली. या आपल्या ब्लांदीनबाई, औषधाच्या दुकानवाल्या. त्यांचं गावावर प्रेम आहे आणि गावाला त्याचा त्रास होतो. शांततेसाठी भरवलेली ही सभा इतकी गाजली की पलीकडच्या वाडीतले लोक काय झालं ते बघायला आले. शेवटी ठरलं ते असं: त्या दुपारी चर्चची घंटा वाजणार नाही, ट्रॅक्टर निघणार नाहीत, कुत्री बांधायची, आणि उर्बँचा कोंबडा, जो वेळ बघून आरवत नाही, त्याला उर्बँच्या मेहुणीकडे पोचवायचं. (हा उर्बँ म्हणजे खाडीत जाळं सोडायची खांबांवरची झोपडी असलेला आपला मासेवाला.) एवढं झाल्यावर कोणीतरी म्हणालं की असं केलं तर गावात मयत झाल्यासारखं वाटेल. मग थोडी माणसं सहज दिसावीत म्हणून नेमण्यात आली. दोघांनी काखेत पाव घेऊन हिंडायचं. पाव कुठला, तर शहरातल्या मोठ्या दुकानातून आणलेला, पण ते प्रवाशांना कशाला सांगायचं? दोन म्हाताऱ्यांनी बाकावर बसून गप्पा मारायच्या. बाकावर नेमलेले दोघे तीस वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, पण बाक एकच आहे.

खरा प्रश्न तळघराचा होता. देल्मासच्या नजरेत दोनच तळघरं भरली. एक आपलं आणि दुसरं भिंतीपलीकडच्या ओर्तांसचं. ओर्तांस तुला आठवत असेल. नवरा गेल्यापासून मळा एकटी बघते, चांगला बघते, आणि तोंडाने फटकळ. तिच्या अंजिराची फांदी माझ्या अंगणात येते, अंजिरं माझ्या अंगणात पडतात, आणि मी ती झाडून काढली तर ती म्हणते मी तिची फळं फेकतो, खाल्ली तर म्हणते चोरतो. आमचं बोलणं गेली कित्येक वर्षं 'मस्यू' आणि 'मादाम' यांच्या पुढे गेलेलं नाही. तेव्हा सरपंचबाईंनी तोडगा काढला. बोट यायच्या आधी एक रंगीत तालीम करायची. गावकऱ्यांनीच प्रवासी व्हायचं, दोन्ही तळघरांत जायचं, आणि मग ठरवायचं.

ताई, गावकऱ्यांना प्रवासी बनवू नये. मी माणसं इतकी बदललेली कधी पाहिली नाहीत. जन्मभर जो चढ निमूटपणे चढली, त्यावर ती बसकण मारून म्हणू लागली, हा काय रस्ता आहे? चर्चमध्ये सरपंचबाईंच्याच नवऱ्याने विचारलं, बघण्यासारखं एवढंच का? उर्बँ कुठल्याशा थंड देशाचा प्रवासी झाला होता. त्याला सारखं संडासला जायचं होतं, आणि गावात सार्वजनिक संडास नाही ही गोष्ट त्या दिवशी प्रथमच सभेच्या लक्षात आली. ही सगळी फौज माझ्या तळघरात आली. मी नवा सदरा घातला होता, पेले पुसून ठेवले होते, बाबांच्या वेळची पिंपं, खडकाळ माती, वगैरे भाषण पाठ केलं होतं. ते मी म्हटलं. लोकांनी जांभया दिल्या. आणि मग ओर्तांस पुढे झाली.

तिने नवऱ्याची रुंद काठाची हॅट घातली होती आणि काळा चष्मा. ती अमेरिकन बाई झाली होती. तिने पेला उजेडाकडे धरला, हुंगला, एक घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. तळघर गप्प झालं. (शांततेची खरी तालीम तेवढीच झाली.) मग म्हणाली, "वाईन चांगली आहे, मस्यू. पण ही पिताना कळतं की बनवणारा एकटा राहतो."

लोक हसले. मीही हसलो, यजमान होतो ना. मी विचारलं, "ते कशावरून, मादाम?"

"घोट गिळला की फार लवकर गप्प होते," ती म्हणाली, आणि पेला खाली ठेवून निघून गेली.

मी म्हटलं, थांब, आता तुझ्या तळघरात मी प्रवासी आहे. जाता जाता दोन-तीन टोचरी वाक्यं जुळवली. तिथे पोचलो, तिने वाईन ओतली, मी प्यायलो. ताई, वाईन उत्तम होती. वाक्यं कुठच्या कुठे गेली. मी म्हटलं, बरी आहे, आणि पेला पुढे केला. तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि तो पुन्हा भरला. प्रवाशाने असंच करायचं असतं, दुसरा पेला मागायचा असतो, म्हणून मी मागितला. तिसराही त्याच कारणाने. गावाने मात्र त्याचा भलताच अर्थ काढला आणि तळघर ओर्तांसचं ठरलं. सरपंचबाई मला समजावत म्हणाल्या की तुम्ही स्वतःच तिथून हलत नव्हतात, आम्ही काय करणार?

त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. म्हणजे बोटीच्या काळजीने. सकाळी उठलो की धक्क्यावर जाऊन यायचो. धक्का तिथेच असायचा. मग परत यायचो. परतताना ओर्तांसच्या फाटकावरून यावं लागतं. दुसरी वाट आहे, पण ती लांबची आहे. (थोडीशी.)

शेवटी बोटीचा दिवस आला. कुत्री बांधलेली, कोंबडा मेहुणीकडे, पाववाले तयार, बाकावरचे दोघे विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले. आणि बोट दिसली, पांढरीशुभ्र, वळणावरून येताना. तेव्हा साऱ्या गावाला एकदमच एक गोष्ट दिसली, जी साऱ्या गावाला आधीपासून माहीत होती. खाडीला ओहोटी होती. तीही साधी नव्हे, अमावास्येची. धक्का चिखलात बसला होता, आणि धक्क्यापासून पाण्यापर्यंत नुसता काळा, चकचकीत, डुकराच्या पाठीसारखा चिखल. ही वेळ कंपनीने महिन्यापूर्वी कळवली होती. त्या वेळी पाणी नसतं हे इथलं शेंबडं पोरही सांगेल, पण कंपनी मोठी, तिने बघूनच ठरवलं असेल, असं प्रत्येकाला वाटलं. उर्बँला विचारलं तर म्हणाला, मला कोणी विचारलंच नाही. सरपंचबाईंना विचारायची कोणाची छाती नव्हती.

बोट मधल्या प्रवाहात थांबली. कठड्याशी माणसं उभी राहिली आणि आमच्याकडे बघू लागली. आम्ही धक्क्यावरून त्यांच्याकडे बघू लागलो. थोड्या वेळाने बोटीवरून एक लहान होडी सोडण्यात आली. होडीत वल्हवणारा एक खलाशी, देल्मास, आणि कुठल्याशा अमेरिकन गावातलं एक म्हातारं जोडपं, ज्यांना काही झालं तरी वाईन चाखायचीच होती. होडी आली, आली, आणि काठापासून बऱ्याच अंतरावर भस्सकन चिखलात रुतली. खलाशाने वल्हं मारलं, वल्हं रुतलं. देल्मास धीराची मुलगी. ती उतरली, आणि मांडीपर्यंत गेली.

गाव नुसतं बघत होतं. (शांत राहायची सूचना होती ना.) मी बूट काढत होतो, तेवढ्यात शेजारून कोणीतरी धपकन चिखलात उतरलं. ओर्तांस. तिचा निळा, लग्नाकार्याचा झगा, गुडघ्यापर्यंत खोचलेला, आणि काखेत बाटली. मीही बाटली घेऊन उतरलो. ती तिचीच घेऊन जाणार म्हटल्यावर माझी मागे राहून कसं चालेल? दहा-बारा पावलांवर तिचा एक पाय असा रुतला की निघेना. ती मागे वळली.

"एव्हारिस्त," ती म्हणाली, "हात द्या. बघत काय राहिलात?"

ताई, माझं नाव त्या बाईच्या तोंडून मी कधी ऐकलं ते आठवत नाही. मी हात दिला. पाय निघाला, बूट राहिला. मग आम्ही हात सोडला नाही, कारण चिखलात सोडता येत नाही. तुला माहीत आहे, लहानपणी बाबांनीच शिकवलंय. असे दोघं होडीपर्यंत गेलो. देल्मासला उपसून काढली. पेले कोणीच आणले नव्हते. म्हाताऱ्याने होडीतला चहाचा एक मग पुढे केला, त्यात आधी तिची वाईन ओतली, मग माझी, आणि मधे धुवायला पाणी नसल्यामुळे मग दोन्ही एकत्रच. म्हातारी प्यायली, तिने डोळे मिटले, आणि ती तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. देल्मासने अर्थ सांगितला: "म्हणतायत, ही दोघांची मिळून जास्त बरी लागते." ओर्तांसने तो मग पुन्हा भरला, दोन्ही बाटल्यांतून. भरती लागेपर्यंत आम्ही होडीच्या कडेला टेकून उभे होतो, आणि ओळीने सगळ्यांनी तो मग रिकामा केला. मग पाणी आलं, होडी सुटली, बोटीने भोंगा दिला आणि ती गेली. काठावर पाव काखेत धरलेले दोघे तसेच उभे होते.

आम्हाला वाटलं, संपलं. पण परवा कंपनीचं पत्र आलं. प्रवाशांना व्हेर्नाकचा मुक्काम सहलीत सगळ्यांत जास्त आवडला, विशेषतः चिखलातून ओढून काढण्याचा कार्यक्रम, आणि वसंतात प्रत्येक फेरीला तो ठेवावा. तेव्हा आता सरपंचबाई ओहोटीच्या वेळा काढत बसल्या आहेत आणि चिखल कमी पडू नये म्हणून खाडीचा गाळ उपसायचं काम थांबवा असा अर्ज करणार आहेत. तळघरही एक न राहता दोन्ही ठरली आहेत, मधल्या भिंतीत दार पाडून. दार कुठे पाडायचं यावर ओर्तांसशी रोज वाद होतो. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. कधी दुपारीही.

बाकी सर्व क्षेम. भावोजींना सांग, मध पाठवा.

तुझा धाकटा भाऊ,
एव्हारिस्त

ता. क. एक किरकोळ गोष्ट राहिली. कंपनीने पुढच्या महिन्यात बोर्दो ते समुद्र आणि परत अशा फेरीवर दोघा मळेवाल्यांना पाहुणे म्हणून बोलावलं आहे, प्रवाशांना वाईन ओतायला. ओर्तांस म्हणते, परपुरुषाबरोबर एकटी बोटीवर गेले तर गाव वर्षभर चघळेल; तुमची ताई सोबत येणार असेल तर येते. तेव्हा तू येणार असं तिला कळव. ठळक अक्षरात, मनापासून. आणि निघायच्या आदल्या दिवशी तुझा गुडघा अचानक धरू दे, म्हणजे तुझं येणं आपोआप रद्द. तोवर तिची बॅग भरलेली असेल, आणि भरलेली बॅग ती रिकामी करणार नाही, मी तिला ओळखतो. हे पत्र खरं तर एवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं, पण बोटीचं सांगितल्याशिवाय तुला कळलं नसतं.

ता. क. चा ता. क. तू खरंच येऊ नकोस. गैरसमज नको, तुझी आठवण फार येते, नाताळात ये.

आणखी एक. पाकीट चिकटवत होतो तर ओर्तांस भिंतीपाशी आली आणि तुझा फोन नंबर मागून घेऊन गेली. कशाला, विचारलं, तर म्हणाली, ताईंच्या गुडघ्याची चौकशी करायचीय. एवढ्या लांबच्या प्रवासाला तो काही टिकायचा नाही, असं तिला आत्तापासूनच वाटतंय. मी तुझ्या गुडघ्याबद्दल तिच्याजवळ चकार शब्द काढलेला नाही.