जास्वंदीवरची कीड

मंगळवार, ४ मार्च
हे घरातून गेले. सकाळी साडेदहाच्या सुमारास. मी गच्चीत जास्वंदीवरचे पिठ्या ढेकूण जुन्या टूथब्रशने घासत होते. खाली आले तर दार सताड उघडं. चपला इथेच! दोन वर्षं झाली, ह्यांना स्वतःच्या गल्लीचं नाव आठवत नाही. हर्षल सातपूरहून शिफ्ट सोडून आला. बापाला शोधत पोलीस चौकी, नातेवाईक, गंगाघाट — सगळं फिरला. कुठेच नाहीत.

बुधवार, ५ मार्च
नाहीत.

शुक्रवार, ७ मार्च
हर्षलने फोटो सगळ्या ग्रुपवर टाकलाय. उपेंद्र, वय एकाहत्तर, आकाशी शर्ट. लोक येतात, हात धरतात. शेजारच्या मंगलाबाई म्हणाल्या, "रडून घ्या हो वहिनी." रडू येत नाही. सगळ्यांना चहा केला.

मग गच्चीत गेले. कळ्यांवर पुन्हा कापूस चिकटल्यासारखं पांढरं. पानं चिकट. नर्सरीवाल्या रंगनाथला फोन केला. "काकू, आधी मुंग्या बघा. त्याच कीड इकडून तिकडे नेतात. जास्त लागलेले शेंडे छाटा, पिशवीत बांधून टाका. मग निंबोळी तेल अन् साबणाचं पाणी — ऊन उतरल्यावर." मग म्हणाला, "काकांचं काही कळलं?"

नाही म्हणाले. तेल किती घालायचं ते विचारलं.

रविवार, ९ मार्च
नऊ शेंडे छाटले. फवारलं, पानांच्या मागूनही. हर्षल त्र्यंबकेश्वरच्या धर्मशाळा पालथ्या घालून आला. जिन्यात उभा राहून बघत होता. "आई, तुला काहीच कसं वाटत नाही?"

मी फवारत राहिले.

सोमवार, १० मार्च
एक लिहायचं राहिलंय.
त्या दिवशी कडी वाजलेली मी ऐकली होती. गच्चीतून. वाटलं — पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं कुणी हाक मारू नये. आणि घासत राहिले. खाली उतरले तेव्हा पाऊण तास झाला होता. हर्षलला सांगितलेलं नाही. सांगवत नाही.

कीड कमी दिसतेय. त्याचंही काही वाटलं नाही.

मंगळवार, ११ मार्च
देवळ्याहून फोन! मल्हारी म्हणून कुणी शेतकरी. "बाबा लय बरे हायेत. चार दिवसांमागं यष्टीच्या थांब्यावर अनवाणी बसलेले दिसले, तवापासून आमच्याकडंच हायेत. नाव-गाव सांगता येईना. आज मोबाईलवर फोटो दिसला." हर्षल गाडी काढायला धावला. मल्हारींनी फोन ह्यांच्या हातात दिला. मी म्हणाले, "अहो, मी लतिका."

"हळू बोला," हे म्हणाले. "लतिका दमलीय. तिला जरा पडू द्या."