पाच वर्षांची वॉरंटी

मंगळवार, ३ सप्टेंबर

आला एकदाचा टीव्ही! पासष्ट इंची. पैसे मुलीने, कासुबाने, राजधानी लुसाकाहून भरले, इथल्या कीट्वेच्या दुकानाने आणून भिंतीवर बसवला. पोरीचं म्हणणं, बाप पलंगावर पडून असतो, निदान फुटबॉल तरी मोठा दिसू दे.

बाशिकासुबांनी एकदा पाहिलं. (कासुबाचे वडील म्हणून सगळी वस्ती त्यांना बाशिकासुबा म्हणते. तीस वर्षं मीही तेच म्हणते. आणि मी तिची आई, म्हणून बानाकासुबा.) म्हणाले, "दुकानाचं दारच काढून आणलंस की काय?" आणि कुशीवर वळले.

बसवणारा माणूस जाताना एक कागद ठेवून गेला. वाढीव वॉरंटी. कंपनीची एक वर्षाची आहेच, वर चार वर्षं विकत घ्यायची, म्हणजे पाच. तीस दिवसांत ठरवा, नंतर मिळणार नाही.

"पाच वर्षं!" बाशिकासुबा हसले. "पाच आठवड्यांची असेल तर विचार."

मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि रडले.

गुरुवार, ५ सप्टेंबर

आज डायलिसिसचा वार. गेले नाहीत. चार वेळा करून घेतलं, मग गेल्या महिन्यात मानेतली नळीच काढायला लावली. डॉक्टरांचा फोन आला — "बाई, याच्याशिवाय दोन महिने. फार तर तीन. त्यांना समजवा."

काय समजवू? मी तोंड उघडायच्या आत यांचं सुरू — "सत्तावीस वर्षं खाणीचा पाळणा चालवला मी. शेकडो माणसं दोरावर खाली सोडली, वर आणली. आता मला कुणी नळीवर टांगायचं नाही."

कासुबा फोनवर म्हणते, "आई, तू रडलीस की ऐकतील." अगं, मी रडायची थांबते कुठे!

रविवार, ८ सप्टेंबर

सामना सत्तराव्या मिनिटाला आणि वीज गेली. दोन तासांनी आली ती दणका देऊनच. टीव्ही दोनदा लुकलुकला.

"मेला का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"चिवट आहे!"

पाच दिवसांनी हसले. मी ते हसू बघत उभी राहिले.

गुरुवार, १२ सप्टेंबर

दुकानात जाऊन आले. विकणारी मुलगी लव्हनेस. गोड बोलते. "आई, पडद्याचा पॅनल गेला ना, तर अर्ध्याहून जास्त किंमत जाते. घरात बघणारं कोण असतं?"

"माझे यजमान. दिवसभर."

"मग पाचच घ्या! बाबा पाच वर्षं निवांत बघतील."

पेन हातात होतं. सहीच्या जागेवर तिने फुलीसुद्धा करून ठेवली होती. पाच वर्षं निवांत. — मला अक्षरंच दिसेनात. पेन ठेवलं आणि बाहेर आले. बसथांब्यावर भाजीवाल्या बायका बघत होत्या. बघोत.

सही केली तर मी वेडी. नाही केली तर मी त्यांना सोडून दिलं. एका टीव्हीच्या कागदाने हे माझ्यावर आणावं!

गुरुवार, १९ सप्टेंबर

पाय फार सुजलेत. अंगठा दाबला की खड्डा पडतो आणि तसाच राहतो. अंगाला खाज. आज मक्याच्या पिठाच्या न्शिमाचे दोन घास, तेही माझ्यासाठी.

मी पलंगाशी गुडघे टेकले. म्हटलं, एकदा चला. फक्त एकदा.

"बानाकासुबा, ऊठ. गुडघे दुखतील तुझे."

एवढंच.

सोमवार, २३ सप्टेंबर

बाजारात कालुवेंकडे गेले. टीव्ही दुरुस्तीत त्यांचे केस पिकलेत. वॉरंटीचा कागद उन्हात धरून भिंगातून बारीक अक्षरं वाचत बसले.

"विजेच्या दणक्याने गेला — नाही. पडला — नाही. पाल शिरली — नाही. अहो मग उरलं काय? तुमच्या घरी तो मनाने आजारी पडला तरच हे येणार!"

मग गंभीर झाले. "खरं सांगू? मुळात खोट असली तर बहुतेक पहिल्या वर्षातच दिसते. ते वर्ष कंपनीचंच. आपल्याकडे टीव्ही मारते ती वीज. तुम्ही गार्ड घ्या. दाब वाढला की तो आधी बंद पडतो."

किती दिवसांनी कुणी मला सरळ उत्तर दिलं! गार्ड घेतला. जवळजवळ आनंदात घरी आले.

"काय म्हणाला कालुवे?"

"नको म्हणाले. कंपनीचं एक वर्ष आहे, तेवढं पुरे."

"पुरे?"

"हो, पुरे की!"

रिमोट माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "बरं. बंद कर तो टीव्ही."

मंगळवार, २४ सप्टेंबर

न्शिमा ढवळताना हात थांबला. एक वर्ष, तेवढं पुरे! काय बोलून गेले मी! कुणाला! हसत!

धावत आत गेले. "मी टीव्हीचं बोलत होते हो."

"ठाऊक आहे."

चहा प्यायले नाहीत. साय धरलेला कप तसाच उचलून आणला.

आता वॉरंटी घेतली तर म्हणतील, कीव केलीस. नाही घेतली तर माझं ते वाक्य घरात तसंच राहणार. देवा, परत कसं घेऊ?

शुक्रवार, २७ सप्टेंबर

चार दिवस टीव्ही बंद. वीज असूनही.

मंगळवार, १ ऑक्टोबर

दुकानातून लव्हनेसचा फोन. "आई, पावती कुठे पाठवू?"

"कसली पावती?"

"बाबांनी काल फोन केला होता ना! मोबाइलवरूनच पैसे भरले. पाच वर्षांची."

"मी आधी सांगितलं हं त्यांना, विजेच्या दणक्याचं यात येत नाही. तर म्हणाले, ते राहू दे, मला साल सांग. म्हटलं, दोन हजार एकोणतीस. तीनदा म्हणून घेतलं माझ्याकडून."

काल मी बाजारात होते तेव्हा केलं असणार. खोलीत गेले, ओरडलेच — "फुकट घालवले! कालुवेंनी सांगितलं होतं ना?"

"जाऊ दे फुकट."

"कुणासाठी घेतली?"

खिडकीकडे तोंड फिरवलं.

मला कळलं! माझ्यासाठी. ते गेल्यावर या खोलीत मी एकटी टीव्ही बघत बसणार, तो बिघडू नये म्हणून. माझी सोय करून ठेवताहेत! इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. भाजी करपली. करपलेलीच वाढली.

बुधवार, २ ऑक्टोबर

सकाळी स्वतः उठून बसले. म्हणाले, "एकोणतीस साल लांब आहे. दवाखान्यात फोन लाव. मशीनवर माझी जागा दुसऱ्याला दिली का, विचार."

दिलेली नाही. उद्या सात वाजता.