दोन दारं, दोन मीटर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसाठ, धंदा शर्टांना काज-बटणं करणे, लहानपणापासून कमरेखाली अधू, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. पाय कधी चालले नाहीत, पण डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणू पाहणारा एक भाऊ आहे, त्याच्यापासूनच सुरुवात करते.

१. राहती खोली वडिलांनी माझ्या नावावर केली होती. ती मी भावाच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला देते. भावाला काही नाही. मी लग्नाचं काढलं तेव्हा तो म्हणाला होता, "अपंगत्वाचा भत्ता बंद झाला तर आमच्या गळ्यात पडशील." मी कोणाच्याही गळ्यात पडले नाही, हे त्याने लक्षात ठेवावं. भाचीने खोली भाड्याने दिली तर भाडेकरू शांत बघावा. पलीकडच्या खोलीतल्या माणसाला त्रास होता कामा नये.

२. पलीकडचा माणूस म्हणजे वह्या-पुस्तकं बांधणारे बाइंडर. कागद कापायच्या यंत्रात त्यांचा उजवा हात मनगटापासून गेला. भत्ता त्यांनाही आहे. आमचं लग्न ठरलं तेव्हा आम्ही आधी भत्त्याच्या कार्यालयात विचारायला गेलो. तिथल्या मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी पाणी दिलं आणि नियम वाचून दाखवला. लग्न झालं की दोघांची मिळकत एकत्र धरणार, दोघांचेही भत्ते बंद, आणि मला रोज उचलून खुर्चीत बसवणारी सरकारी मदतनीसही बंद. मग मला उचलणार कोण, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "नवरा घरात असताना मदतनीस कशाला?" बाइंडरांनी बाही वर करून हात टेबलावर ठेवला. मॅडमनी तो पाहिला, मान खाली घातली आणि म्हणाल्या, "फॉर्ममध्ये त्याचा रकाना नाही हो."

आम्ही रिक्षाने परत आलो, आणि लग्न राहिलं ते राहिलंच. पुढे नियम आम्ही एकदाही मोडला नाही, हे चौकशीला येणाऱ्यांसाठी लिहून ठेवते. दोन दारं, विजेचे दोन मीटर, दोन शेगड्या. जेवण एकत्र, कारण शेजाऱ्याबरोबर जेवायला बंदी नाही. जेवण झालं की ते आपल्या दाराने आपल्या खोलीत. तपासणीचे साहेब आले की संशय नको म्हणून मी बाइंडरांना "दादा" म्हणायची, आणि मग ते दोन-दोन दिवस माझ्याशी बोलायचे नाहीत. त्यांचं रोज उठून जाणं माझ्या कधीच अंगवळणी पडलं नाही.

मागच्या खेपेला मी दवाखान्यात होते तेव्हा "नातं काय?" असं विचारून त्यांना बाहेर जिन्यात बसवून ठेवलं. पुढच्या वेळी भाचीने त्यांना आत घ्यावं. हे मृत्युपत्रात बसत नाही असं वकीलबाई म्हणतात, तरी लिहिते.

३. शिल्लक ठरावीक रकमेच्या वर गेली की भत्ता जातो. म्हणून ती रेघ जवळ आली की मी चादरी घेत आले. कपाट सांभाळून उघडावं, अंगावर येतील. त्या सगळ्या चादरी, माझं हातमशीन, कात्री आणि बटणांचे डबे मदतनीस मावशींना. मावशींनी मला इतकी वर्षं उचललं आणि कधी कुरकुर केली नाही. खोटं कशाला लिहू, रोज केली, पण यायला कधी चुकल्या नाहीत.

४. चाकांची खुर्ची सरकारची आहे, ती परत करावी. उशी माझी आहे, टाकून द्यावी. फार छळलंय तिने.

५. बँकेतली रक्कम मी बाइंडरांना लिहिली होती. वकीलबाईंनी समजावलं, की ती त्यांच्या खात्यात पडली की त्यांची शिल्लकही रेघेच्या वर जाईल आणि भत्ता थांबेल. म्हणजे मेल्यावरसुद्धा मी त्यांना काही द्यायचं नाही. त्या दिवशी मी खूप रडले. दुसऱ्या दिवशी वकीलबाई साक्षीदार कोण ठेवायचे ते विचारायला आल्या. ज्याला मृत्युपत्रात काहीच मिळत नाही तोच सही करू शकतो, असं म्हणाल्या.

तेव्हा हे कलम मी खोडते. रक्कम भाचीला. बाइंडरांना मी काहीही देत नाही. साक्षीदार म्हणून सही मात्र त्यांची, आणि ती माझ्या सहीच्या खाली नको, त्याच ओळीत हवी. वकीलबाई चालेल म्हणाल्या आहेत. आजवर एकाही कागदावर आम्हा दोघांच्या सह्या एकत्र आलेल्या नाहीत.

हे मी बाइंडरांना सांगितलं.  ते म्हणाले, "सहीच्या दिवशी नवा शर्ट घालून येतो."

वरील सर्व मी स्वतः वाचून पाहिलं आहे, खाडाखोड माझीच आहे.

लिहून देणार : काज-बटणवाली (सही) — साक्षीदार पहिला : बाइंडर (सही, डाव्या हाताने)

साक्षीदार दुसरा : तळमजल्यावरचे इस्त्रीवाले (सही)

ठिकाण : माझी राहती खोली
दिनांक : अकरा नोव्हेंबर, मंगळवार