गेनूचं अंग गरम होतं

३ नोव्हेंबर १९७४, वेल्हे

पोचले एकदाची! भोरहून नसरापूर, नसरापूरहून वेल्ह्याची एस.टी., आणि सगळी वाट शेजारणीची कोंबडी अर्धी माझ्या मांडीवर. निघताना आप्पांनी स्टँडवर साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की, आमची अंजना विद्यापीठात औषधशास्त्राचं संशोधन करते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण आतून बरंही वाटलं.

संशोधन केंद्र म्हणजे तोरण्याच्या पायथ्याचा कौलारू बंगला. मागे बेडकांचा हौद, पुढे कोंढाळकर सरांची जीप. सर आमच्या गटाचे प्रमुख. बाकीची मंडळी दिवाळीच्या सुटीवर पुण्याला पळाली. मी नवी, म्हणून इथे. स्वयंपाकाला भामाबाई आहेत. मला बघताच "लई वाळलीया पोर" म्हणून त्यांनी ताटात आणखी एक भाकरी टाकली.

५ नोव्हेंबर

सर शिकवतात छान. स्नायूवर म्हणे बारीक दारं असतात. मज्जातंतूचा निरोप आला की दार उघडतं, आयन आत शिरतात, स्नायू हलतो. मण्यार सापाचं विष त्या दाराला कुलूप घालतं. निरोप येत राहतो, दार काही उघडत नाही. हे दार कशाचं बनलंय ते आम्ही शोधतोय. जगात मोजक्या ठिकाणी हे काम चाललंय आणि त्यातलं एक वेल्हे, या विचाराने मला सारखं हसू येतं.

विषाची पूड मुंबईहून येते. ती पाण्यात कालवायची, काचेच्या नळीने तोंडाने ओढायची, मापून बेडकाला टोचायची. सगळ्या प्रयोगशाळांत तोंडानेच ओढतात. चुकून तोंडात आलं तर थुंकायचं, चूळ भरायची. पोटात गेलं तरी पचून जातं, असं सर म्हणतात. बेडूक ढिला पडला की मांडी कापून स्नायू काढायचा आणि उरलेला बेडूक मागच्या खड्ड्यात. भामाबाईंच्या तिखटाने माझं तोंड आलंय, चूळ भरतानाही झोंबतं.

८ नोव्हेंबर

आज खड्ड्यात वाकून पाहिलं. परवाचे बेडूक बसले होते. एक मांडी नसलेले, पण जिवंत. त्यातला एक पुढच्या पायांवर सरकत कडेपर्यंत आला होता.

बेडूक कातडीनेही श्वास घेतो, हे शाळेत शिकलेय मी. छाती थांबली तरी तो मरत नाही, विष उतरेपर्यंत नुसता पडून राहतो. आणि हे विष हालचाल थांबवतं, दुखणं नाही. म्हणजे मी कापत होते तेव्हा त्याला सगळं कळत होतं. मला स्वतःचीच किळस आली. सरांना सांगितलं, तर म्हणाले, ठाऊक आहे, खड्ड्यात चुना टाकत जा.

१० नोव्हेंबर

भांडी घासता घासता भामाबाई बोलायला लागल्या. त्यांचा गेनू इथेच नोकरीला होता, माझंच काम करायचा. वैशाखात एका सकाळी तो उठलाच नाही. पापण्या मिटलेल्या, हातपाय लुळे. सरांनी मनगट धरून पाहिलं आणि संपलं म्हणून सांगितलं. दुपारच्या आत कानंदी नदीच्या काठी त्याला अग्नी दिला.

"अंग गरम व्हतं त्याचं," भामाबाई म्हणाल्या. "म्याच न्हाऊ घातलं न्हवं का. डोळ्यातनं पानी आलं. तुमी शिकलेल्या हायसा, ताई. मेलेलं मानूस रडतं का वो?"

आंघोळीचंच पाणी असेल, असं मी म्हणाले. खोटं बोलले.

११ नोव्हेंबर

सरांना सरळच विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, नाडी लागल्यासारखी वाटली होती, पण श्वास दिसला नाही. छातीत वारा भरत राहिलं तर विष उतरून माणूस उठतो, हे त्यांना पुढे याच बेडकांवरून उमगलं. गेनूला झोपेत मण्यार चावली असेल, असं त्यांचं म्हणणं. पण भामाबाईंना यातलं काही कळता कामा नये. कळलं तर केंद्र बंद, माझी पदवी बंद आणि ते स्वतः तुरुंगात.

मी म्हणाले, उद्या त्यांना सांगणार. सरांनी नुसती मान हलवली. चिडले असते तर बरं वाटलं असतं. मला त्यांची भीती वाटते आहे.

१२ नोव्हेंबर, सकाळ

भामाबाई बाजारात गेल्यात. आल्या की सांगते. कामात लक्ष नाही— नळी ओढताना विष तोंडात आलं. थुंकले. चूळ भरली. तोंडातल्या जखमा फार झोंबल्या.

दुपार

पापण्या जड झाल्यात. एकाचे दोन दिसतात. पाणी गिळता येईना, नाकातून आलं—

गेनूला साप चावलाच नव्हता. तंबाखूच्या चुन्याने त्याचं तोंड कायम सोललेलं असायचं, भामाबाईच म्हणाल्या होत्या. आणि तोही नळी तोंडानेच—

माझं तोंड आलंय.

नंतर

सरांना सांगितलं. जीप सुरू होत नाही म्हणतात. सकाळी तर जीपनेच पासली गावाला जाऊन आले—

खाटेशी बसले होते. मनगट धरून. आता बाहेर व्हरांड्यात आहेत.

भामाबाई आल्या. सांगायला गेले, जीभ हलेना. नुसती घरघर. त्या रडतायत. बोटं अजून चालतात तोवर लिहिते—

मी जिवंत आहे. गेनूही जिवंत होता. माझे डोळे मिटले तरी जाळू नका. तोंडाने छातीत वारा भरत राहा. थांबू नका. सर काहीही सांगोत, त्यांचं ऐकू—

पान भामाबाईंपुढे धरलं. त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं. त्यांना अक्षर येत नाही. येत नाही हे मला कसं—

डोळे पुसून म्हणाल्या, "थांबा ताई, सायबास्नी दावते. त्ये वाचून सांगत्याल."

नको. वही ओढतायत— मान हलत नाही— भामाबाई, त्यांना न