येळवशीचं जास्तीचं पान

माय,

पाया पडतो. मी सलामत हाय. फोनवर तू नुसती रडतीस, म्हणून लिहून राहिलो. धाकली तनुजा वाचून दाखवील.

आमची मालाची जहाजं आरमाराच्या राखणीत एकामागं एक चालली होती. तरी आमच्यावर ड्रोन आदळलं. धुरात मला काहीच दिसंना. संगती काम करणाऱ्या फिलिपिन्सच्या रेनाटोनं दंडाला धरून मला बोटीत बसवलं अन् दुसऱ्याला आणायला मागं फिरला. जहाज बुडालं. आरमारानं लई धुंडलं, पर तो गावला न्हाई. तुझं लेकरू त्याच्यामुळं हाय, माय.

कान जरा वाजतो, बाकी बरं हाय. बंदरात गरम जेवण मिळतंय. म्हैस व्याली का?

गेल्या येळवशीच्या आवसंला तुम्ही सारे रानात पांडवं पुजून जेवत होता, तवा मी जहाजावर भाज्या अन् डाळी एकत्र शिजवून भज्जी केली होती. तिखटानं रेनाटोच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी म्हणला, "पुढच्या साली तुझ्या मायच्या हातची खाईन, तुमच्या रानात."

येळवशीपर्यंत मी पोचतो. रानात कडब्याच्या कोपीपाशी त्याचंबी पान वाढ. अन् यंदा भज्जीत मिरच्या कमी टाक.

तुझाच,
दयानंद