पाव पोटाची लेथवाली

४ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

ऑपरेशनमध्ये पोटाचा तीन चतुर्थांश भाग गेला, उरलेल्या पाव पोटावर मी परवा कामावर हजर झाले. सगळ्यांनी केक कापला, मीही दोन तुकडे हाणले. वीस मिनिटांत छाती धडधडली, घामाने भिजले. तेवढं निभावलं. दोन तासांनी हातपाय थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली. लेथ मशीन बंद करायचं तेवढं सुचलं. आता सुपरवायझर म्हणतात, स्टोअरमध्ये बसून स्क्रू मोजा. सव्वीस वर्षं लोखंड कातलं, ते काय यासाठी?

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून जीव टांगणीला लागला. मशीनवर भोवळ आली तर हात जाईल, हे मी तुला सांगायला हवं? राजीनामा दे. चिडशील, तरी लिहितोच.

तुझा धाकटा

५ मे

चि. धाकट्यास आशीर्वाद.

हाताचं तुझं म्हणणं खरं, म्हणून मुकाट स्टोअरमध्ये बसले. राजीनामा मात्र विसर!

डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं. पोटाला आता दारच नाही. गोड खाल्लं की थेट आतड्यात कोसळतं. तिथली हार्मोन्स खवळतात, साखर चढते, मग इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त धावून येतं आणि साखर तळाला जाते. म्हणून दिवसातून सहा वेळा थोडंथोडं खायचं, गोड बंद, जेवताना पाणी नाही, पहिल्या घासाबरोबर साखर हळू चढावी म्हणून गोळी आणि खाल्ल्यावर जरा आडवं व्हायचं. सहा आठवड्यांत एकदाही त्रास नाही.

मशीनवर काम करायला हरकत नाही, असा बाईंचा दाखला घेऊन गेले, तर सुपरवायझर म्हणाले की दर दोन तासांनी खाणाऱ्या बाईला मशीन कसं द्यायचं? मी विचारलं, दर तासाला सिगरेट ओढायला जाणाऱ्याला अख्खं खातं कसं दिलं? त्यांनी खिशातल्या सिगरेटच्या पाकिटावर हात ठेवला आणि दाखल्यावर सही केली.

काल सगळ्यांदेखत अंडं खाल्लं आणि बाकावर पंधरा मिनिटं आडवी झाले. कुणी हसलं, हसू दे. उठून लोखंडी दांड्याचा शाफ्ट कातला, मापात एका केसाचा फरक नाही. आज शेजारच्या मिलिंग मशीनवरचे काका डबा घेऊन शेजारी येऊन बसले. दोन वर्षं मधुमेह लपवून संडासात उभ्याने खात होते, म्हणाले, नोकरीच्या भीतीने. मी सरकून जागा दिली.

रागाव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझी ताई