हिशोबात न धरलेला तांदूळ

४ नोव्हें., मंगळ.
घरमालकीणबाई दारातूनच म्हणाल्या, "जानेवारीपासून भाडं वाढीवतुया. सोसायटीतलं ड्रायवर बी ह्या खोलीला जास्त द्यायला तयार हायेत." पुणं इथवर आल्यापासून सूसमधे गोठ्यालाही भाव आलाय.

ह्यांना सांगितलं, तर दिनकरभाऊंचं पुराण सुरू. पूर्वी ह्यांच्याबरोबर इथल्याच दगडखाणीवर पोकलेन मशीन चालवायचे, आता पार विदर्भात, वणीला कोळशाच्या खाणीवर. "तितं पगार कमी हाय, पन खोली फुकाट. उरतं जास्त. मलाबी तितं लावतो म्हनत्यात." कमी मिळून जास्त उरतं? डोक्यात शिरेना.

६ नोव्हें.
हिशोब मांडला. भाडं, भाजी, दूध, पिंकीची शाळेची व्हॅन. तिकडचे भाव दिनकरभाऊंनी फोनवर सांगितले. वणीच बरी पडते. चुकलं असेल म्हणून पुन्हा केला, पुन्हा तेच. मला जायचं नाही आणि कारण सापडत नाही. सगळ्यांचा राग येतोय.

८ नोव्हें., शनि.
ह्यांनी तिकडे जवळजवळ हो कळवलं. पक्कं सोमवारी सांगायचं. मला विचारलं म्हणे. कधी?

९ नोव्हें., रवि.
ताम्हिणीला आईकडे, भाताच्या झोडणीला. अंग खाजतंय. आईनं नेहमीसारखी आमच्या वर्षाच्या तांदळाची पोती बांधून ठेवलेली. वणीचं सांगितलं. म्हणाली, "आगीतून फुफाट्यात चाललायसा. आन तितं तांदूळ काय भावानं हाय?"

हिशोबात तांदूळच नव्हता. आम्ही दोन्ही वेळ भात खाणारी माणसं, पण तांदूळ विकत घेतात हे मला सुचलंच नाही. येताना पौडला दुकानात भाव विचारला. दुकानदार हसला, "ताम्हिणीची असून विचारतीस व्हय?" भाव ऐकून मला काही हसू आलं नाही.

१० नोव्हें., सोम.
तांदूळ धरून पुन्हा मांडला. हितं आणि तितं जवळपास सारखंच. इतकं बरं वाटलं. ह्यांना दाखवलं.

आधी म्हणाले, "भाकरी खाऊ की." मग तांदळाची बेरीज स्वतः करून बघितली. मग, "बरं, न्हाई जात. पन सांग, हितं आपलं काय हाय?"

ताम्हिणी, असं मी म्हणणार होते. पण तिकडे मी जाते किती? झोडणीला, तांदूळ आणायला. राहते तर ह्या खोलीत, आणि ही पण जानेवारीनंतर...

ह्यांनी अजून फोन केलेला नाही. माझ्याकडं बघतायत. जिंकले म्हणून आनंद व्हायला हवा होता ना?